खिडकी पाडलेला अंक

आमच्या अप्पांना परळीतले निम्मे लोक संपादक म्हणून ओळखत आणि उरलेले निम्मे, कोठडीतल्या चोराला बातमी वाचून दाखवणारा माणूस म्हणून. माझ्या मते दुसरी ओळख जास्त खरी होती.

मी त्यांच्या साप्ताहिकात लागलो त्याच आठवड्यात हा प्रकार डोळ्यांनी पाहिला. कोंबड्या चोरणारा एकजण सापडला होता आणि मी त्याच्यावर चार ओळी खरडून दिल्या होत्या. अप्पांनी त्या वाचल्या, चष्मा कपाळावरच्या भस्माच्या पट्ट्यांवर चढवला आणि पायात चपला सरकवल्या.

"चल."

"कुठं?"

"वाचून दाखवायला."

"कुणाला?"

"ज्याचं नाव घातलंस त्याला. का त्याच्या नावाचं दुसऱ्याला वाचू?"

गजांच्या बाहेर उभं राहून अप्पांनी खणखणीत आवाजात बातमी वाचली. आत चोर उकिडवा बसून, मान तिरकी करून, पोथी ऐकावी तसा ऐकत होता. वाचून झाल्यावर म्हणाला, "अप्पा, समदं बरोबर हाय. पन कोंबड्या तीन न्हाईत, दोनच व्हत्या. तिसरी आपली आपन माझ्या मागं आली."

हवालदाराला हसू आवरेना. अप्पा हसले नाहीत. त्यांनी खिशातली पेन्सिल काढून कागदावर काहीतरी टिपलं, आणि त्या आठवड्याच्या अंकात छापून आलं : 'फिर्यादीच्या म्हणण्यानुसार कोंबड्या तीन, आरोपीच्या म्हणण्यानुसार दोन, तिसरी स्वखुशीने.'

हा त्यांचा नेम होता. ज्याच्याबद्दल बातमी, त्याला ती आधी वाचून दाखवायची. परवानगी मागायची नाही. त्याबाबतीत ते फार कडक. समोरचा म्हणाला, "अप्पा, एवढं नका छापू," तर म्हणत, "मी इचारायला आलो न्हाई, सांगायला आलोय. गावाच्या कानावर जायच्या आधी तुझ्या कानावर जावं, इतकंच." पण गंमत अशी, की नुसतं वाचून दाखवल्यानं निम्म्या बातम्या बदलत. आकडे खाली येत, भांडणाचं कारण वेगळंच निघे, आणि कधीकधी वाचता वाचता अप्पाच मध्ये थांबत, कागदाची घडी करत आणि म्हणत, "च्या ठेवा." त्या बातम्या कधी छापल्या गेल्या नाहीत.

कोणती छापायची आणि कोणती नाही, याचा त्यांचा कायदा दोन शब्दांचा होता. वेशीवरचं आणि चुलीपासचं. "वेशीवरचं सोडायचं न्हाई. चुलीपासचं शिवायचं न्हाई." मी कॉलेजातून ताजा ताजा बाहेर पडलेला, खिशाला दोन पेनं लावणारा पत्रकार. मला हा कायदा अडाणी वाटायचा. बाहेर काय चाललं होतं! चौकाचौकात पिवळे एसटीडी बूथ उभे राहत होते, गच्च्यांवर केबलवाल्यांच्या तबकड्या बसत होत्या, मोठ्या शहरातली दैनिकं जिल्ह्यासाठी रंगीत पान काढून पहाटे जीपनं परळीत टाकत होती. आणि आम्ही पायानं दाबायच्या ट्रेडल मशीनवर चार पानं काढत होतो. वीज केंद्राकडून वारा सुटला की ओल्या शाईवर राख बसायची आणि पुढाऱ्यांच्या फोटोंना देवीचे व्रण यायचे. आमचे छपाईचे खिळे जुळवणारे मामू म्हणायचे, "बाबू, ये राख मुफत की है, रंग समझके छोड दो."

वेशीच्या आणि चुलीच्या कायद्याचा एक नमुना सांगतो. गावात एक ठेकेदार होता. त्यानं केलेला रस्ता पहिल्याच उन्हाळ्यात उखडला. ही बातमी अप्पांनी त्याच्या दारात जाऊन त्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "अप्पा, माझ्या धंद्याचं हाय हे. माझं खाजगी हाय."

"रस्ता खाजगी हाय? मग फाटक लाव त्याला. लोकं शेतातून जातील."

बातमी छापून आली. आठवड्यानं त्या ठेकेदाराचा एक वैरी छापखान्यात आला. ठेकेदाराची मुलगी सासर सोडून माहेरी आलीय, तिच्या नवऱ्याचं पत्रच आपल्याकडे आहे, असं म्हणत त्यानं लिफाफा टेबलावर ठेवला. मी लिफाफ्याकडे मांजरासारखा बघत होतो. अप्पांनी तो उघडलासुद्धा नाही. "त्या पोरीनं रस्ता केला का?" एवढंच विचारलं. वैरी गेला. ही गोष्ट ठेकेदाराला कळली आणि तो पेढे घेऊन आला. म्हणाला, "अप्पा, लई उपकार झाले. आता एवढं केलंत, तर त्या रस्त्याचंबी जरा..." अप्पांनी पेढा तोंडात टाकला, मामूंना दिला, मला दिला आणि म्हणाले, "पुढच्या अंकात रस्त्याचा दुसरा भाग हाय. उद्या वाचून दाखवायला येतो."

याच सुमारास दिल्लीच्या मोठ्या कोर्टाचा एक निकाल आला. माणसाचं घर, लग्न, लेकरंबाळं, आजारपण हे त्याचं त्याच्यापाशी. ते त्याला न विचारता छापता येणार नाही. मात्र जे सरकारी कागदावर उघड आलंय ते छापायला मोकळीक, आणि सरकारी माणसानं खुर्चीत बसून केलेलं काही खाजगी नाही. अप्पांनी एका वकिलाला बसवून इंग्रजी पेपरातली ती सगळी बातमी समजावून घेतली. मग म्हणाले, "कोर्टाला उशीर झाला, पन आलं बरोबर." आणि खरोखर त्यांनी कोर्टाला अभिनंदनाचं पोस्टकार्ड टाकलं. उत्तराची त्यांनी वाट पाहिली की नाही ठाऊक नाही. पोस्टमन आला की त्या महिन्यात ते जरा ताठ बसायचे.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. तो टाळून अप्पांचं चित्र पुरं होत नाही, नाहीतर टाळला असता.

अप्पा आष्टीला नात्यातल्या लग्नाला गेले होते. जाताना सांगून गेले, "अंक लावून ठेवलाय. शेवटच्या पानावर जागा उरली तर म्हणी टाक." जागा उरली. एक जाहिरात ऐनवेळी गळली आणि अर्धा रकाना मोकळा पडला. मला म्हणी टाकायच्या नव्हत्या. मला रंगीत पानवाल्यांना दाखवायचं होतं.

त्या आठवड्यात जवळच्या एका गावी पुरुषांच्या नसबंदीचं शिबिर झालं होतं. बायकांची शिबिरं नेहमीची. पुरुष कोणी फिरकत नसे. यावेळी अकरा जण आले होते. आरोग्य खात्यातल्या गृहस्थांनी मला सांगितलं ते इतकंच : "अकरा पुरुष, शिबिर यशस्वी, लिहा." आणि ते चहा सांगायला बाहेर गेले. टेबलावर रजिस्टर उघडं होतं. मी अकराच्या अकरा नावं, वडिलांच्या नावासकट, गावासकट, उतरवून घेतली. चोरी करतोय असं मनात आलं नाही. उलट आपण किती कष्टाळू, असं वाटलं. वर मथळा दिला, 'अकरा वीरांचे धाडस', आणि खाली, 'या सर्व बंधूंनी समाजापुढे आदर्श ठेवला असून त्यांचे त्रिवार हार्दिक अभिनंदन!'

मामूंनी खिळे जुळवता जुळवता विचारलं, "बाबू, इनको पढके सुनाया?"

"मामू, अभिनंदन आहे. अभिनंदन कुणी वाचून दाखवतं का?"

मामूंनी 'अभिनंदन' पुढं उद्गारचिन्ह तेवढं लावलं.

शुक्रवारी सकाळी खेड्यांचे गठ्ठे एसटीनं गेले. दहाच्या सुमारास अप्पा लग्नाच्या जेवणाचा डबा हातात घेऊन छापखान्यात आले. टेबलावरचा अंक उचलला. पहिलं पान, दुसरं, तिसरं. शेवटच्या पानावर त्यांचा डोळा थांबला. डबा तसाच हातात.

"ह्या अकरा जनांला कुणी वाचून दाखवलं?"

"अप्पा, चांगली बातमी आहे. कौतुक केलंय."

"कुणाम्होरं केलंस कौतुक? त्यांच्या आईम्होरं का सासऱ्याम्होरं?"

तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, असं लिहिलं तर शोभेल. खरं म्हणजे मला राग आला. मी कोर्टाचा निकाल त्यांच्याच तोंडावर फेकला. म्हणालो, "सरकारी रजिस्टरमधून घेतलंय. सरकारी कागदावरचं छापायला मोकळीक आहे. तुम्हीच सांगितलं होतं."

अप्पांनी आवाज चढवला नाही. "लेका, ते रजिस्टर गावासाठी उघडं व्हतं, का तो मानूस च्या सांगायला गेलता म्हनून उघडं व्हतं?"



मग अप्पांनी घरातून अक्कांची कापडं बेतायची कात्री आणली. अक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. छापखान्याच्या मागच्याच दोन खोल्यांत त्यांचं घर होतं. गावातले आणि टपालाचे अंक अजून छापखान्यातच होते. ते ब्लेड देऊन कापायला मामूंकडे सोपवले. चार खेड्यांत गेलेल्या अंकांमागे आम्ही दोघं मोपेडवरून निघालो. मी चालवत होतो, मागे अप्पा, त्यांच्या मांडीवर कात्री. निघताना मी म्हणालो, "अप्पा, सगळे अंकच उचलून आणू." त्या सबंध प्रकरणात मी एकदाच शहाण्यासारखं बोललो, आणि नेमकं तेवढंच अप्पांनी ऐकलं नाही.

"पेपर त्यांचा हाय. तो कसा आणायचा? आपन आपली चूक तेवढी कापून आणू."

पहिल्या गावात अंक न्हाव्याच्या दुकानात होता. तो एकेक अक्षर जोडत मोठ्यानं वाचायचा आणि दाढीला आलेले ऐकायचे. अप्पांनी धास्तावून विचारलं, "कुठवर आलास?"

"अग्रलेखातच अडकलोय, अप्पा. लई जड लिवता तुमी."

माझ्या माहितीप्रमाणे आमच्या अग्रलेखाचा समाजाला झालेला हा पहिला प्रत्यक्ष उपयोग. अप्पांनी अंक मागून घेतला, शेवटच्या पानावरचा अर्धा रकाना चौकोनी कापला, पट्टी खिशात घातली आणि अंक परत दिला. अंकाला खिडकी पडली.

"कावून कापलं, अप्पा?"

"आमची चूक व्हती."

"काय व्हती?"

"सांगितली तर कापून काय उपेग?"

असं गावोगाव करत आम्ही तिसऱ्या गावाला पोचलो. तिथं स्टँडवर एका पैलवानाचं हॉटेल. यादीत त्याचं नाव चौथं. पैलवान गल्ल्यामागे बसला होता. मान कुठं संपते आणि खांदे कुठं सुरू होतात ते कळू नये असा देह. बाकावरच्या कोणीतरी विचारलं, "पैलवान, पेपर न्हाई का आला?"

"न्हाई आला."

आम्हाला पाहून तो उठला. तेव्हा दिसलं, तो पेपरवर बसला होता.

त्यानं आम्हाला मागं, भट्टीपलीकडे नेलं. अप्पा म्हणाले, "पैलवान, आमच्याकडनं गुन्हा झाला." पुढं म्हणाले, "माझ्याकडनं." मी शेजारीच उभा होतो. माझ्याकडे बोट दाखवणं अगदी सोपं होतं.

पैलवानाचा आवाज देहाच्या मानानं फारच बारीक होता. "दोन पोरी हायेत, अप्पा. तिसऱ्या खेपंला बाई वर जाऊन आली. लेकरू गेलं. डॉक्टर म्हनला, आता पुन्ना नको. आई म्हनती, नातू पायजे. हिला जमत न्हाई तर दुसरी आनू. पोरगीसुद्दा बगून ठिवलीय. म्हनलं, ही भानगडच मिटवावी. मलाच कुलूप घातलं."

"घरी कुणाला ठाव हाय?"

"हिला. आईला सांगनार हाय मी. पन माझ्या तोंडानं. आई बहिनीकडं गेलीय, पंधरा दिसांनी येती. तवर मनाची तयारी करनार व्हतो. आता ती एसटीतून उतरायच्या आदीच तिला कुनीतरी टाळी देऊन सांगंल. आन माझी ह्या गावात तालीम हाय, अप्पा. उद्या पोरं माझ्याकडं बगून हसली तर लंगोट कुन्या तोंडानं बांदू?"

त्या गावातल्या सगळ्या अंकांना संध्याकाळपर्यंत खिडक्या पडल्या. चारही गावं झाली. घरी येताना मला हलकं वाटत होतं. दोन दिवस वाटलं. तिसऱ्या दिवशी कळलं, की वर्तमानपत्रातल्या अर्ध्या रकान्यावर कोणाचं लक्ष जावं असं वाटत असेल, तर तो कापून टाकण्यासारखा दुसरा उपाय नाही.

सगळ्या तालुक्यात एकच प्रश्न. खिडकीत काय होतं? त्यात आणखी एक घोळ होता, जो आमच्या दोघांच्या लक्षात आला नव्हता. कागदाला दोन बाजू असतात. कापलेल्या रकान्याच्या बरोबर मागे, तिसऱ्या पानावर, त्या ठेकेदाराच्या वाढदिवसाची जाहिरात होती, आणि खिडकीत नेमकं त्याचं तोंड गेलं होतं. 'दीर्घायुष्य चिंतितो' या ओळीवर एक कोट, टाय आणि वर आरपार भोक. लोकांनी ताडलं, की अप्पांनी ठेकेदाराचं काहीतरी भयंकर शोधून काढलंय. ठेकेदार छापखान्यात आला तो अंक नाचवत.

"अप्पा, माझं तोंड कुठाय?"

"चुकून कापलं गेलं."

"साऱ्या गठ्ठ्यात चुकून?"

अप्पांनी त्याला पुढच्या अंकात तोंड दुप्पट मोठं छापून द्यायचं कबूल केलं तेव्हा तो गेला. पण अफवा गेली नाही. लोक खिडकीवाला अंक उजेडाकडे धरून बघायचे, जसं काही हवेत अक्षरं उरली असतील. कोणी म्हणे प्रेमप्रकरण आहे, कोणी म्हणे कोणा मोठ्या माणसाला रोग झालाय. ज्या अकरा जणांकडे एरवी कोणी दुसऱ्यांदा पाहिलं नसतं, त्यांच्याभोवती वेढा पडत चालला होता. शिबिराचं गावात ऐकून होते सगळे. कोणीतरी दोनात दोन मिळवायचाच उशीर.

आणि मग मला एसटीडी बूथवर बोलावणं आलं. रंगीत पानवाल्या दैनिकाच्या जिल्हा कचेरीतून फोन होता. माणूस गोड बोलत होता. त्या खिडकीत काय होतं तेवढं सांगा. आणि हो, परळीला आम्हाला एक उमदा वार्ताहर हवाच आहे. ओळखपत्र, फोटोसकट.

मी लगेच नाही म्हणालो असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी म्हणालो, उद्या सांगतो. आणि पाऊण दिवस विचार केला. त्या पाऊण दिवसात मी ओळखपत्रावर कोणता शर्ट घालायचा इथपर्यंत पोचलो होतो. मग पैलवान आठवला. त्याच्या चांगुलपणापेक्षा, खरं सांगायचं तर, त्याचे खांदे आधी आठवले. चांगुलपणा मागून आला. पण आला. मी फोन करून सांगितलं, "खिडकीत म्हणी होत्या."

हे सगळं मी अप्पांना सांगितलं, शर्टासकट. ते रागावले नाहीत. म्हणाले, "लोकांला भूक लागलीय. आपनच लावली. आता कायतरी वाढावं लागंल."

"म्हणजे नावं छापायची?"

"खाजगी पायजे ना त्यांला? खाजगीच देऊ. पन आपल्या घरचं."

पुढच्या अंकासाठी त्यांनी स्वतः बसून एक रकाना लिहिला. मथळा, 'संपादकाचे खाजगी'. आणि नेमाप्रमाणे छापायच्या आधी तो वाचून दाखवायला उठले. कुणाला, हे मला कळेना. मजकूर तर स्वतःबद्दलच होता. ते मागच्या दारातून घरात गेले. मी मागोमाग. अक्का शेंगा फोडत बसल्या होत्या. अप्पा चोरापुढं उभे राहिले होते तसेच, ताठ, त्यांच्यापुढं उभे राहिले आणि खणखणीत वाचू लागले.

प्रस्तुत संपादक दोनदा मॅट्रिक नापास आहे. त्याचे खालचे दात नकली असून अग्रलेख लिहिताना तो ते काढून ठेवतो. तो पालीला भितो. त्याने तरुणपणी एकोणीस कविता मासिकांना पाठवल्या व त्या सर्व, एक जास्तीची धरून, परत आल्या. त्याने औरंगाबादेस असताना एकदा ऑम्लेट खाल्ले, चुकून नव्हे.

अक्कांच्या हातातली शेंग थांबली. इष्टलिंग गळ्यात बांधलेल्या, अंडं वर्ज्य असलेल्या लिंगायत घरातलं हे वाक्य होतं. अप्पा पुढं वाचत गेले. आणखी पाच-सहा कलमं होती. संपलं तेव्हा अक्का म्हणाल्या, "अंड्याचं ऱ्हाऊ द्या. तुमचंच हाय ते. पन मी वरीसभर माहेरी जाऊन बसलते, ते काढा. ते तुमचं न्हाई, माझं हाय."

अप्पांनी पेन्सिल काढली. रेघ मारली.

"आन ते शेवटचं."

"तेबी तुझं?"

"दोघांचं हाय. म्हनून तर."

शेवटचं काय होतं ते मी तेव्हा ऐकलं. इथं लिहीत नाही. अप्पांनी त्याच्यावर रेघ मारायला मात्र वेळ लावला, आणि तेवढा वेळ अक्का त्यांच्याकडे बघत होत्या. सगळ्यांना वाचून दाखवत फिरणारा हा माणूस घरात वाचायला विसरला नाही, एवढंच मला त्यातलं सांगायचं आहे.

रकान्याच्या वर त्यांनी चार ओळी टाकल्या होत्या. मागच्या अंकातून कापलेल्या जागी काही माणसांच्या घरातला मजकूर होता. तो छापणे हा आमचा अपराध होता. तो मजकूर काय, हे सांगणार नाही. परंतु वाचकांची निराशा होऊ नये म्हणून आमच्या घरचा देत आहोत.

तो अंक जसा वाचला गेला तसा त्याआधी किंवा नंतर आमचा कोणताच अंक वाचला गेला नाही. न्हाव्याच्या दुकानात तो रकाना पाठ झाला होता. पोरं रस्त्यात अप्पांना पाहून "पाल! पाल!" ओरडायची आणि अप्पा खरोखर दचकायचे. मॅट्रिकवरून शाळेच्या हेडमास्तरांनी पाहुणा म्हणून दिलेलं बोलावणं मागे घेतलं. खिडकीचं नाव कोणी काढेना. उघड्या माणसापुढं झाकलेल्याकडे कोण बघतो?

ऑम्लेटनं मात्र खरा त्रास दिला. समाजातली तीन वडीलधारी मंडळी छापखान्यात येऊन बसली. बराच वेळ धर्मावर बोलणं झालं. अप्पा मान खाली घालून ऐकत होते. त्या वर्षी मठातल्या पंगतीला त्यांना आमंत्रण नव्हतं, आणि ते त्यांना लागलं, हे मी पाहिलं. पण उठता उठता तिघांतले सर्वांत म्हातारे मागं रेंगाळले. बाकीचे दोघं पायऱ्या उतरल्याची खात्री करून हळूच म्हणाले, "अप्पा, खरं खाल्लं?"

"खरं."

"कसं लागतं?"

आज मी एका बातम्यांच्या संकेतस्थळावर काम करतो. मोबाईलवर चालणारं, छोटंसं. कोर्टानं पुढं खाजगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं, ती बातमी मीच टाकली. अप्पा तोवर नव्हते, नाहीतर आणखी एक पोस्टकार्ड गेलं असतं. आता कात्री चालत नाही. एकदा टाकलेलं कुणाकुणाच्या फोनमध्ये जाऊन बसतं आणि कापल्याची खूणही उरत नाही. पण महिन्यातून एक-दोन निरोप येतात. साहेब, पाच वर्षांपूर्वीच्या बातमीत माझ्या बहिणीचं नाव आहे, तिचं लग्न जमतंय, काढाल का. मी त्याला फोन लावतो, ती बातमी पहिल्या ओळीपासून वाचून दाखवतो आणि त्यात चुलीपासचं असेल ते काढतो. माझ्या हाताखालची मंडळी हसतात. हल्ली त्यांतली एक मुलगी, मी सांगितलं नसताना, टाकायच्या आधीच फोन लावायला लागलीय. तिच्या बातम्या उशिरा येतात आणि बरोबर येतात.

पैलवानाचं राहिलं.

'संपादकाचे खाजगी' छापून आल्यावर पंधरा-वीस दिवसांनी तो छापखान्यात आला. दारात उभा राहिला तसा आत अंधार झाला. अप्पा खिळ्यांच्या पेटीवर वाकले होते. मी मशीनच्या मागे सरकलो. मशीन लोखंडाचं होतं.

"आईला सांगितलं," पैलवान म्हणाला.

"काय म्हनली?"

"चार दिस बोलली न्हाई. जेवलीबी न्हाई धड. पाचव्या दिशी धाकट्या पोरीची येनी घालत बसली आन म्हनली, हिला तालमीत न्हेत जा, हिचे हात बग किती दांडगे हायेत." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "ती बगून ठिवलेली पोरगी, त्यांला नकार कळवला आईनं. सोता गेलती."

अप्पांनी स्टूल पुढं सरकवलं. पैलवान बसला नाही. स्टुलाचा विचार करून बसला नसावा.

"अप्पा, ती कापलेली पट्टी हाय का एकादी?"

बाकी सगळ्या पट्ट्या अप्पांनी अक्कांच्या चुलीत घातल्या होत्या. एक फाईलच्या अंकातली, कुलूप लावून ठेवलेली होती. त्यांनी कुलूप काढलं, पट्टी दिली. पैलवानानं ती मशीनजवळच्या उजेडात धरली. ओठ हलवत, एकेक अक्षर करत त्यानं मथळ्यापासून वाचलं. स्वतःच्या नावावर आला तेव्हा जरा थांबला. मग शेवटपर्यंत गेला, त्रिवार हार्दिक अभिनंदनापर्यंत, मामूंच्या उद्गारचिन्हापर्यंत. पुन्हा एकदा वाचलं. नीट घडी घातली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.

"हिला दाखवायचंय," तो म्हणाला. "हिनं बगितलंच न्हाई. त्या दिशी मी त्याच्यावर बसलो व्हतो."

जाता जाता तो मशीनमागे माझ्याकडे वाकला. तेवढ्या अवधीत मी सगळ्या देवांना नमस्कार केले.

"हे तुमी लिवलंय का?"

"हो," मी म्हणालो. खोटं बोलायला जागाच नव्हती.

"चांगलं लिवलंय," पैलवान म्हणाला. "पुन्ना लिवू नका."